धावपटूची सर्दी आणि कांद्याचा पिवळा रंग

पहाटे पाचच्या सुमारास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराबाहेरच्या कोणत्याही रस्त्यावर जाऊन उभे राहा. सोलापूरचा रस्ता असो, मनमाडचा असो की पाथर्डीचा. अंधारातून पावलांचा आवाज येतो आणि पाच-सहा जणांचा घोळका धापा टाकीत तुमच्यासमोरून निघून जातो. कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी पोलीसभरतीची, तर कोणाला लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचे असते. नगरपासून फारशा दूर नसलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. तेव्हा अशा धावण्यातून माणूस कुठवर जाऊ शकतो, हे या मुलांना कोणी वेगळे सांगायला नको.

या मुलांची एक जुनी तक्रार आहे. महिना-दीड महिना जोराचा सराव झाला, शर्यत आठवड्यावर आली, की नेमका घसा धरतो. नाक वाहू लागते, अंग मोडून येते. मग सोबतचा कोणी तरी सल्ला देतो, “अरे, गुळवेलीचा काढा घे.” दुसरा म्हणतो, “अश्वगंधाची पूड घे, मी घेतो.” तिसऱ्याकडे एक रंगीत डबा असतो. त्याच्यावर धावणाऱ्या माणसाचे चित्र असते, खाली ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्याची किंमत घरच्या आठवड्याच्या बाजाराएवढी असते.

तुमच्याही वर्गात असा एखादा धावपटू असेल, कदाचित तो तुम्हीच असाल. तेव्हा डबा विकत घेण्याआधी आपण दोन साधे प्रश्न विचारू. फार धावल्याने खरोखरच सर्दी होते का? आणि होत असेल, तर एखादी वनस्पती ती टाळू शकते का?

पहिल्या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते १९८० नंतरच्या काही वर्षांत. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात दरवर्षी ५६ किलोमीटरची एक शर्यत होते. १९८२ सालच्या शर्यतीतील १५० धावपटूंची पुढचे दोन आठवडे विचारपूस करण्यात आली. त्यांच्यापैकी ३३ टक्के लोकांना घसा-नाकाची दुखणी झाली. न धावणाऱ्या, पण इतर बाबतींत त्यांच्यासारख्याच असलेल्या लोकांत हे प्रमाण १५ टक्के होते. जे अधिक वेगाने धावले त्यांना त्रासही अधिक झाला.

पुढे अमेरिकेत डेव्हिड नीमन या शास्त्रज्ञाने १९८७ सालच्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधील दोन हजारांहून अधिक धावपटूंची माहिती गोळा केली. त्याच्या पाहणीतील एक गोष्ट मला फार आवडते. धावपटूंची तुलना घरी बसणाऱ्या माणसांशी केली, तर कोणीही म्हणेल की या दोघांचे राहणे-खाणेच वेगळे! म्हणून नीमनने तुलनेसाठी अशी माणसे घेतली, की ज्यांनी तेवढाच सराव केला होता, शर्यतीसाठी नावही नोंदवले होते, पण काही कारणाने ती प्रत्यक्ष धावली नव्हती. आता दोन्ही गटांत मुख्य फरक एकच उरला, तो म्हणजे शर्यत. नंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी जवळजवळ १३ टक्के आजारी पडले. न धावलेल्यांपैकी २ टक्क्यांहून थोडेसेच अधिक.

याचा अर्थ व्यायाम वाईट असा मात्र करू नका. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास झपाझप चालणाऱ्या स्त्रियांच्या सर्दीचे दिवस जवळजवळ निम्म्याने घटल्याचे याच नीमनला दिसून आले होते. मध्यम व्यायामाने सर्दी कमी होते. दोन-तीन तासांच्या जीवतोड धावण्यानंतर काही दिवस ती वाढलेली दिसते.

असे का व्हावे? धावपटूच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. धावत असताना रक्तातील काही पांढऱ्या पेशींची संख्या भराभर वाढते. पण धावणे थांबल्यावर तासा-दोन तासांत ती मूळ पातळीच्याही खाली घसरते. लाळेत जंतूंना अडवणारी जी प्रतिपिंडे असतात, तीही कधी कधी कमी झालेली आढळतात. त्यावरून शास्त्रज्ञ म्हणू लागले, की लांब शर्यतीनंतर काही तास शरीराची जणू एक खिडकी उघडी राहते आणि विषाणू तेवढ्यात आत शिरतात. ही ‘उघडी खिडकी’ पुढे पंचवीस-तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत होती, आणि डबे विकणाऱ्यांना तर ती फारच सोयीची वाटली.

परंतु नीट विचार करा. घोडेगावच्या कांदा बाजाराच्या दिवशी तुम्ही आसपासच्या एखाद्या खेड्यातील चावडीवर बसून माणसे मोजली, तर ती रोजच्यापेक्षा कमी भरतील. म्हणून गावची लोकसंख्या घटली असे कोणी म्हणेल काय? माणसे बाजाराला गेली आहेत इतकेच! पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. शरीरातील या पेशींचा अगदी थोडा भाग कोणत्याही क्षणी रक्तात असतो. बाकीच्या अस्थिमज्जेत, प्लीहेत, आतड्यांच्या भिंतींत आणि लसिकाग्रंथींत असतात. उंदरांच्या पेशींना खूण करून पाहिले तेव्हा व्यायामानंतर रक्तातून ‘नाहीशा’ झालेल्या पेशी फुप्फुसांत आणि आतड्यांत सापडल्या. म्हणजे जेथे जंतू शिरण्याचा धोका अधिक, तेथे त्या पहाऱ्याला गेल्या होत्या. २०१८ साली कॅम्पबेल आणि टर्नर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हा सारा पुरावा मांडून उघड्या खिडकीची कल्पनाच चूक आहे असे प्रतिपादन केले. सगळ्यांनाच ते पटले आहे असे नाही. वाद चालू आहे.

मग शर्यतीनंतर घसा दुखतो तो कशाने? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाडूंच्या ३७ दुखण्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्यांपैकी केवळ ११ दुखण्यांत विषाणू किंवा इतर जंतू सापडले! उरलेल्यांत घसा दुखत होता, नाक वाहत होते, पण जंतू काही हाती लागले नाहीत. विश्रांतीच्या वेळी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हेच प्रमाण शंभर लिटरच्याही वर जाते, आणि ती हवा बहुतेक तोंडाने घेतली जाते. नाकाचे काम हवा गाळणे, ऊब देणे आणि ओलसर करणे. ते येथे चुकते. नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला आणि कोरडा. थंडीत पहाटे हवा गार, रस्त्याच्या कडेची धूळ, त्यात ऊसतोडीच्या दिवसांत कुठे पाचट जाळल्याचा धूर. अशा हवेने घसा सोलवटून निघाला तर त्याला सर्दी म्हणावे का? त्रास खरा आहे. पण त्याचे कारण प्रतिकारशक्तीचा अभाव हे नसेल, तर प्रतिकारशक्तीचा डबा त्यावर काय करणार?

अर्थात काही जणांना खरी विषाणूची सर्दी होतेच. शर्यतीच्या निमित्ताने हजारो माणसे एकत्र जमतात, प्रवास होतो, आदल्या रात्री झोप लागत नाही. म्हणून दुसरा प्रश्न उरतोच, की वनस्पतीने ती टाळता येईल का? येथे मी तुम्हांला आपल्या जिल्ह्याच्या ओळखीच्या पिकाची, कांद्याची, गोष्ट सांगतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कांद्याच्या अनेक जाती शेतकऱ्यांना दिल्या. बसवंत ७८० आणि फुले समर्थ या लाल जाती, तर फुले सफेद ही पांढरी. लाल कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत आणि सालात क्वेर्सेटिन नावाचे एक पिवळे द्रव्य असते. हे द्रव्य तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. दोन मुठी लाल कांद्याची सुकी साले अर्धा लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळा (घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या), पाणी गाळून घ्या आणि तुरटीच्या पाण्यात भिजवलेला पांढरा सुती चिंधीचा तुकडा त्यात मंद आचेवर ठेवा. तुकड्यावर पिवळसर सोनेरी रंग चढेल. आता हाच प्रयोग पांढऱ्या कांद्याच्या सालांनी करा. रंग जवळजवळ चढणारच नाही, कारण पांढऱ्या कांद्यात हे द्रव्य नसल्यासारखेच असते.

अशा पिवळ्या द्रव्यांच्या कुळाला एके काळी जीवनसत्त्वाचा मान मिळाला होता. क जीवनसत्त्व शोधणारे हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ साली त्यांना ‘प जीवनसत्त्व’ असे नाव दिले. पण त्यांच्या अभावाने माणसाला कोणताही रोग होतो असे दाखवता आले नाही, तेव्हा तो मान काढून घेण्यात आला. परीक्षानळीत मात्र क्वेर्सेटिन विषाणूंची वाढ रोखते असे पुष्कळदा दिसले. मग धावपटूंना ते देऊन का पाहू नये?

तेच नीमनने केले. चाळीस कसलेल्या सायकलपटूंचे त्याने वीस-वीसचे दोन गट पाडले. एका गटाला रोज एक हजार मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, दुसऱ्याला दिसायला आणि चवीला तसेच, पण क्वेर्सेटिन नसलेले लुटुपुटीचे औषध. कोणाला काय मिळाले हे खेळाडूंना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. असे आंधळेपण मुद्दाम ठेवतात, कारण आपण औषध घेतले आहे एवढ्या समजुतीनेच माणसाला बरे वाटू लागते, आणि तपासणाऱ्यालाही आपल्या आवडीचा निष्कर्ष दिसू लागतो. तीन आठवड्यांनंतर या सर्वांना तीन दिवस रोज तीन तास जोरात सायकल चालवायला लावली. पुढच्या दोन आठवड्यांत लुटुपुटीच्या औषधाच्या गटातील ९ जण आजारी पडले. क्वेर्सेटिनच्या गटातील फक्त १! २००७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वीसपैकी नऊ आणि वीसपैकी एक हा फरक केवळ योगायोगाने पडणे फार कठीण. कांद्याच्या गावच्या माणसाची छाती फुगावी असाच तो निकाल होता.

पण त्याच निबंधात एक खटकणारी नोंद होती. रक्तातील पेशी, लाळेतील प्रतिपिंडे, यांचे जे जे मोजमाप केले त्यात दोन्ही गटांत फरक आढळला नव्हता. आजार कमी झाले, पण कसे कमी झाले याचा माग लागेना. तेव्हा नीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे करायला हवे तेच केले. प्रयोग पुन्हा केला. या वेळी कॅलिफोर्नियातील १६० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीचे धावपटू घेतले. तेच द्रव्य, तेवढीच मात्रा, तेच तीन आठवडे. शर्यत पुरी करणाऱ्या ३९ जणांत, क्वेर्सेटिन घेणारे आणि न घेणारे, दोघेही सारखेच आजारी पडले. त्यानंतर २०१० साली १००२ सामान्य स्त्री-पुरुषांवर बारा आठवडे पाहणी झाली. सर्दीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. त्यांतल्या चाळिशीपुढच्या आणि स्वतःला तंदुरुस्त समजणाऱ्या लोकांचे आजाराचे दिवस थोडे कमी भरले होते. पण हजार माणसांचे वय, वजन, व्यायाम असे तुकडे पाडीत गेले, की कुठल्या तरी तुकड्यात योगायोगानेही फरक दिसतोच. एवढ्याशा धाग्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता गंमत पाहा. डब्यावर जाहिरात छापायची झाली तर यांपैकी कोणता प्रयोग छापला जाईल? वीस-वीसचा पहिला! तो खोटा नाही. मात्र तो अर्धाच सांगितलेला आहे. शिवाय हजार मिलिग्रॅम म्हणजे किती कांदा? शंभर ग्रॅम लाल कांद्यात साधारण वीस ते चाळीस मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरले, तर रोज अडीच ते पाच किलो! भाकरीबरोबर फोडून खाल्लेला कांदा चवीसाठी खावा, पण शर्यतीच्या आधीचे औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

बाकीच्या वनस्पतींचा पुरावा कांद्याइतकाही तपासला गेलेला नाही. अश्वगंधाचा एक प्रयोग भारतातच चाळीस सायकलपटूंवर झाला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलेली आढळली. पण ती दमाची गोष्ट झाली. सर्दी टळते की नाही हे त्यातून कळत नाही. आवळ्याची बाजू थोडी बळकट आहे, आणि तीही क जीवनसत्त्वामुळे. दक्षिण आफ्रिकेतील नव्वद किलोमीटरच्या शर्यतीआधी तीन आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के नंतर आजारी पडले, तर लुटुपुटीचे औषध घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के. मॅरेथॉनपटू, बर्फावरून घसरत जाणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा एकूण ५९८ जणांवरील पाच प्रयोग एकत्र केले, तेव्हाही धोका निम्म्यावर आलेला दिसला. सामान्य माणसाला मात्र रोज क जीवनसत्त्व खाऊन सर्दी टाळता येत नाही. आवळ्याच्या शंभर ग्रॅम गरात हे जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम असते असे जुने तक्ते सांगत; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते २५० च्या आसपास आहे. तरी संत्र्याच्या कित्येक पट! दोन मोठे आवळे डब्यापेक्षा स्वस्त पडतात हे सांगायला नकोच.

“बरे, फायदा नसेल, पण तोटा तरी काय?” असे तुम्ही विचाराल. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. गुळवेलीचे उदाहरण घ्या. अकोल्याच्या डोंगरांतच काय, गावोगाव लिंबावर चढलेली ही वेल तुम्ही पाहिली असेल. २०२० च्या साथीत घरोघर तिचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती, यकृत सुजले होते. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासले गेले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीही एक जात आहे. हरकत रास्त होती. पुढच्या वर्षी देशातील तेरा रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. लाखो लोकांनी काढा घेतला आणि त्यांतल्या थोड्यांनाच त्रास झाला, हे खरे. पण त्या थोड्यांपैकी अनेकांच्या बाबतीत डॉक्टरांना वाटले, की स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याची त्यांच्या शरीराची सुप्त प्रवृत्ती काढ्याने जागी झाली.

‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या शब्दांतली गफलत येथे उघडी पडते. प्रतिकारशक्ती म्हणजे रांजणातले पाणी नव्हे, की जितके भरू तितके चांगले. ती राखणदारासारखी आहे. चोर ओळखणे हे तिचे काम, तसेच घरच्या माणसाला ओळखून गप्प बसणे हेही तिचेच काम. परागकणांवर ती उगाच चवताळली की दमा होतो. स्वतःच्या सांध्यांवर चवताळली की संधिवात. राखणदाराला नुसते चिडवून ठेवल्याने घर सुरक्षित होत नाही.

खेळाडूला याहून निराळा एक धोका आहे. रस्त्याच्या कडेला उगवणारी चिकणा नावाची झुडपी वनस्पती तुमच्या ओळखीची असेल. वैद्य तिला बला म्हणतात. नाव मोठे मोहक, आणि पुडीवर छापायलाही छान! तिच्यात एफेड्रिन नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात असते. ते हृदयाचे ठोके वाढवते. स्पर्धेच्या वेळी खेळाडूच्या लघवीत ते प्रत्येक मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले, तर उत्तेजक घेतल्याचा ठपका येतो. “मला माहीत नव्हते, पुडीवर वनौषधी असे लिहिले होते,” ही सबब मुळीच चालत नाही; अंगात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. पुडीवर जे लिहिले नाही तेही आत असू शकते. तेरा देशांतून विकत घेतलेल्या पोषक पुरवण्यांच्या ६३४ नमुन्यांची जर्मनीत तपासणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९४ नमुन्यांत, म्हणजे दर सातांमागे एकात, लेबलावर न सांगितलेली संप्रेरकजन्य द्रव्ये निघाली. भरतीसाठी दोन वर्षे घाम गाळलेल्या मुलाने असल्या एका चमच्यापायी सारे गमवावे, ही काही दूरची शक्यता नव्हे.

ज्याचा पुरावा भक्कम आहे ते उपाय विकायला कोणी फारसे येत नाही. १६४ स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून केलेल्या एका प्रयोगात, रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक आढळली. पहाटे चारला उठणाऱ्याने रात्री नऊला अंथरूण धरले पाहिजे, हे त्यातून आलेच. तासाहून लांब धावताना साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी किंवा केळे घेतले, तर शरीरावरील ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांची वाढ कमी राहते. हात धुवावेत. पाण्याची बाटली एकमेकांची वापरू नये. सराव एकदम दुप्पट करू नये. ताप असताना धावू तर नयेच. त्या वेळी विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला असेल, तर जिवावर बेतू शकते.

शिक्षकांनी मनात आणले तर शाळेतल्या धावपटूंकडून एक पाहणी सहज करून घेता येईल. प्रत्येकाने एका वहीत रोज चार रकाने भरावेत: किती धावलो, किती तास झोपलो, घसा-नाक कसे आहे, आणि हवेत धूळ, धूर वा धुके होते का. ज्या दिवशी घसा दुखेल त्या दिवशी ताप होता की नव्हता, घरात आणखी कोणाला सर्दी होती की नाही, तेही लिहावे. जून ते फेब्रुवारी एवढी नोंद झाली, की पावसाळ्यातली दुखणी आणि ऊसतोडीच्या दिवसांतली दुखणी शेजारी शेजारी मांडून पाहा. ताप नसलेली, घरात दुसऱ्या कोणालाही न झालेली आणि दोन दिवसांत गेलेली ‘सर्दी’ किती वेळा धुळीच्या रकान्यासमोर येते, ते मोजा.